अज्ञाताच्या भयाचा बागुलबुवा

आमच्या येथील मराठी मंडळींच्या व्याख्यानमालेत यंदा एका विद्वान पाहुण्यांनी लोककथांच्या उगमावर तासभर भाषण केले. भाषण रंगले आणि टाळ्याही भरपूर पडल्या. सर्व भाषणाचे सार एका वाक्यात मावण्याजोगे होते व वक्त्यांनी ते स्वतःच तीन वेळा सांगितले. मनुष्य अज्ञाताला भितो. त्या भीतीच्या पोटी भुते, डाकिणी, शापित तळी आणि झपाटलेल्या दऱ्या जन्मास येतात. ज्ञानाचा दिवा लागला की ही सारी पिलावळ नाहीशी होते. झाले! एवढ्यावर लोकसाहित्याचा निकाल लागला आणि श्रोते समाधानाने चहाकडे वळले.

हे वाक्य नवे नाही. शाळेतील निबंधापासून पंडितांच्या प्रस्तावनेपर्यंत ते सर्वत्र आढळते. ते जुने आहे म्हणून आमची तक्रार नाही, ते फार सोयीचे आहे म्हणून आहे. त्यावर आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला असा की, ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्या लोकांच्या बुद्धीवर ते अन्याय करते. दुसरा याहून गंभीर आहे. अशा कथांच्या आडून ज्यांनी माणसे मारली त्यांना ते निर्दोष सोडून देते. पहिल्या अन्यायाने फार तर एका शास्त्राची हानी होईल. दुसऱ्यात जिवंत माणसांचे प्राण गुंतलेले आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभ स्वतःच्या घरापासून करू. आम्ही बंगालात राहणारी मराठी माणसे एका अंगाईगीतातील राक्षस आहोत, ही गोष्ट येथे नव्याने आलेल्या आमच्या पुष्कळ बांधवांस ठाऊक नसते. मूल झोपेना की बंगाली आई त्याला ज्या बर्गीचे भय घालते, तो बर्गी म्हणजे आपला बारगीर; सरकारी घोड्यावर बसून चाकरी करणारा मराठा स्वार. आम्ही या शहरात बिऱ्हाड केले तेव्हा शेजारच्या वृद्ध ठाकुरमांनी पहिल्याच भेटीत हसत हसत विचारले होते, “म्हणजे आपण बर्गींच्या मुलखातले?” त्या दिवशी आम्ही ओशाळलो. पुढे त्यांच्याच नातवाला आमच्या मांडीवर ते गीत ऐकत झोप लागत असे, ही गोष्ट निराळी.

आता आमच्या वक्त्यांचे सूत्र या गीताला लावून पाहा. बंगालच्या शेतकऱ्याला बर्गी अज्ञात होता काय? नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून जवळजवळ दरसाल बंगालवर येत राहिल्या. त्यांचा सेनानी भास्कर राम याला १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने भेटीस बोलावून ठार केले, तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. १७५१ च्या तहात ओरिसाचा प्रांत आणि सालिना बारा लाखांची चौथ पदरात पडली तेव्हा कोठे हे प्रकरण मिटले. या काळात कोणती गावे जळली, लोक काय काय डोक्यावर घेऊन पळाले, स्वार रुपये कसे मागत, हे गंगाराम नावाच्या समकालीन कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ या बंगाली काव्यात लिहून ठेवले आहे. आमच्या नावाचे पुराण परभाषेत आहे आणि ते आमच्या गौरवाचे नाही, हे आम्ही निमूटपणे मान्य केले पाहिजे.

अंगाईगीतात तर याहून मार्मिक गोष्ट आहे. त्यात बर्गीच्या बरोबरीने धान खाऊन जाणारी पाखरे आहेत आणि सारा कोठून भरावा ही चिंता आहे. हे कोणा भेदरलेल्या मनाने अंधारात पाहिलेले भूत नव्हे. लूट, पीकबूड आणि सरकारदेणे या तीन संकटांचा तो हिशेब आहे, आणि शेतकरीण तो मुलाला थोपटता थोपटता मांडते आहे. ते भय पुरतेपणी ज्ञात असलेल्याचे भय आहे.

अज्ञाताचे भय पाहायचेच असेल तर ते कलकत्त्यात दिसले. मराठे येतील या धास्तीने १७४२ मध्ये शहराभोवती सात मैलांचा खंदक खणण्याचे ठरले. तीन मैल खणून झाला. मराठे कलकत्त्यावर चालून आलेच नाहीत; १७९९ मध्ये खंदक बुजवून तेथून रस्ता काढण्यात आला. बागबाजारकडील एका गल्लीला अजून मराठा खंदकाचे नाव आहे. ज्यांनी बर्गी पाहिला होता त्यांनी गीत रचले. ज्यांनी पाहिला नव्हता त्यांनी खड्डा खणला, आणि ते शहरातील शहाणेसुरते व्यापारी लोक होते!

वक्ते महाशय यावर म्हणतील, ‘हे इतिहासाचे उदाहरण झाले, जेथे कारणच कळत नाही अशा प्रसंगाचे बोला.’ ठीक आहे, तसेच एक उदाहरण घेऊ.

आसामातील दिमा हसाओ जिल्ह्यात हाफलाँगजवळ जतिंगा नावाचे गाव आहे. पावसाळा सरत आला, अमावास्येच्या आसपासची काळोखी रात्र असली, दऱ्यांतून धुके चढले आणि विशिष्ट दिशेचा वारा सुटला, म्हणजे सायंकाळी सहा-सातपासून नऊ-दहापर्यंत तेथील एका अरुंद पट्ट्यात पाखरे दिव्यांकडे झेपावत खाली येतात. बगळे, ढोकऱ्या, खंड्या, नवरंग, हरियाल अशा नाना जाती त्यांत असतात. ती भांबावलेली असतात, उडून जात नाहीत. आणि गावकरी बांबूच्या काठ्यांनी त्यांना मारीत आले.

या एका घटनेच्या तीन कथा झाल्या. असे सांगतात की, पूर्वी तेथे झेमी नागा लोकांची वस्ती होती. रात्री शेकोटीवर पाखरांचा वर्षाव होताना पाहून त्यांना तो दुष्ट आत्म्यांचा कोप वाटला व ते जागा सोडून गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे जैंतिया लोक आले. त्यांनीही हेच पाहिले, आणि त्यांना वाटले की ही देवाने धाडलेली भेट आहे. त्यांनी काठ्या घेतल्या आणि मेजवानी केली. अज्ञात तेच, अंधार तोच, गावही तेच. एकाला भय वाटले आणि दुसऱ्याला भूक लागली! अज्ञात हेच जर भयाचे बीज असते, तर एकाच बीजातून अशी दोन झाडे उगवली नसती. मनुष्य अज्ञातासमोर उभा राहिला की त्याला काय वाटेल, हे त्याच्या मागे काय आहे यावर ठरते. त्याची पूर्वीची संकटे, त्याच्या कणग्यांतील धान्य, त्याचे देव, यांवर ते ठरते.

तिसरी कथा सुशिक्षितांनी रचली. निसर्गज्ञ ई. पी. जी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या घटनेकडे बाहेरच्या जगाचे लक्ष वेधले; सलीम अलींसारख्या पक्षितज्ज्ञालाही तिने विचारात पाडले. पुढे वृत्तपत्रे तेथे पोहोचली आणि त्यांनी ठरवले की ही पाखरांची ‘सामुदायिक आत्महत्या’ आहे. वाचकहो, या तीन कथांत सर्वांत अडाणी कोणती? पहिल्या दोन कथांत काही खरे पाहिलेले होते. पाखरे उजेडाकडे येतात, काळोखी रात्र लागते, धुके लागते, हे दोन्ही समाज जाणून होते. सुधीर सेनगुप्ता व त्यांच्यामागून आलेल्या अभ्यासकांनी शोध चालवला तो याच धाग्यांवरून. बहुतेक पाखरे आसपासच्या भागातली. पुष्कळशी कोवळ्या वयाची. पुराने घरटी व आसरे गेल्यामुळे रात्री हललेली. धुक्यात व वाऱ्यात वाट चुकून दिव्यांकडे ओढली गेलेली. त्यांचे प्राण घेतले ते माणसाच्या काठीने. ज्याला काठीने मारले त्याने आत्महत्या केली, असे म्हणण्याचे धैर्य कोणत्याही आदिवासी आजीला झाले नसते. ते मथळे लिहिणाऱ्यांना झाले, आणि आजही दरवर्षी होते.

हाच प्रकार रूपकुंडाचा. गढवालच्या चमोली जिल्ह्यात सुमारे पाच हजार मीटर उंचीवर हे लहानसे तळे आहे. १९४२ मध्ये तेथील एका वनरक्षकाला त्याच्या काठी मानवी सांगाड्यांची रास दिसली. गढवाली लोकांपाशी याची गीतकथा पूर्वीपासून होती. कनौजचा राजा जसधवल गर्भवती राणीला व नर्तकींना बरोबर घेऊन नंदादेवीच्या यात्रेस निघाला. थाटामाटाने देवीची भूमी विटाळली. देवीने लोखंडासारख्या गारांचा मारा केला आणि सारा लवाजमा तेथेच आडवा झाला. यात्रेच्या वाटेवरील एका तळाचे पातर नचौनी हे नाव त्या नर्तकींवरूनच पडले आहे.

सुशिक्षितांची कल्पना याहून चांगली होती काय? युद्धाचे दिवस होते. हे चोरवाटेने आलेले जपानी सैनिक असावेत अशी शंका प्रथम बोलली गेली. पुढे कोणी तेथे तुघलकाची फौज पाहिली, तर कोणी जनरल झोरावर सिंगाची. ज्याच्या डोक्यात जी लढाई त्याला ती तळ्याकाठी दिसली. २००४ च्या शोधमोहिमेत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे प्रभृती शास्त्रज्ञ होते. त्यांना काही कवट्यांवर वरून आदळलेल्या, गोल व जड वस्तूंच्या आघातखुणा आढळल्या, शस्त्राच्या नव्हेत. मोठ्या गारांनी असे आघात होऊ शकतात. म्हणजे ज्या गीताला आपण भयाचे अपत्य म्हणून हसलो, त्या गीताने साक्ष ठेवली होती. नव्या निदानातून जे उरते ते पाहिले तर गीतात एक नियमही आहे: या उंचीवर लवाजमा, गर्भिणी आणि नाचरंग घेऊन येऊ नका. गिर्यारोहणाचा कोणता जाणकार याला भीती म्हणेल?

कथा इथेच संपत नाही. २०१९ मध्ये अडतीस सांगाड्यांच्या जनुकीय तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेवीस दक्षिण आशियाई वंशाचे, सुमारे सातव्या ते दहाव्या शतकातले, तेही एकाच वेळी मेलेले नव्हेत; चौदा पूर्व भूमध्यसागरी प्रदेशातल्या लोकांशी मिळतेजुळते, सुमारे १८०० च्या आसपासचे; आणि एक आग्नेय आशियाई. भूमध्यसागराकडची ही माणसे हिमालयातील त्या तळ्याशी का गेली, याची नोंद अजून कोणाच्या हाती लागलेली नाही. खरे अज्ञात म्हणतात ते हे! आणि त्याचे भय कोणाला वाटते? आम्हांस तर हे वाचून केवळ कुतूहल वाटले. अंगावर काटा आला नाही. अज्ञात समोर आले की पाय लटपटलेच पाहिजेत, असा मानवी स्वभावाचा नियम नाही.

येथवर प्रकरण पाखरांचे व हाडांचे होते. येथे सूत्र चुकले तर कोणाचा जीव जात नाही. पण आता ज्या गोष्टीसाठी आम्ही लेखणी उचलली तिच्याकडे येतो.

आसामात, झारखंडात आणि इतरत्रही अजून बाया ‘डाइन’ म्हणून मारल्या जातात. वक्ते महाशयांनी आपल्या भाषणात याचाही ओझरता उल्लेख केला आणि खेदाने मान हलवून म्हटले, “अज्ञाताचे भय! दुसरे काय?” नेमके येथे आम्ही त्यांना थांबवू इच्छितो. गावात ताप येतो, मुले दगावतात, ढोरे मरतात आणि दवाखाना दूर असतो. कारण कळत नाही, एवढे खरे. परंतु त्यानंतर बोट कोणाकडे जाते? रानातल्या अदृश्य शक्तीकडे ते जात नाही. ते जाते शेजारच्या विधवेकडे, जिच्या नावावर दोन बिघे जमीन आहे, निपुत्रिक जावेकडे, तोंडाळ म्हणून नावडत्या झालेल्या म्हातारीकडे. ती बाई साऱ्या गावाला अंतर्बाह्य माहीत असते. तिच्या शेताचा बांध कोठे संपतो हे तर बोटाच्या पेरापर्यंत माहीत असते. रोग अज्ञात असेल. बळी मात्र पूर्ण ज्ञात असतो, आणि पुष्कळदा लाभही ज्ञात असतो. अशा खुनाला ‘अज्ञाताचे भय’ म्हणणे म्हणजे आरोपीच्या वतीने वकीलपत्र घेणे होय.

ग्वालपाडा जिल्ह्यातल्या बीरूबाला राभा यांनी हे आमच्या पंडितांच्या आधी ओळखले होते. १९८० नंतरच्या दशकात त्यांचा मुलगा आजारी पडला. गावच्या जाणत्याने सांगितले की हा तीन दिवसांत मरणार. मुलगा मेला नाही. त्या अल्पशिक्षित माउलीने एवढ्यावरून ताडले की हे भाकीत खोटे आहे, आणि खोट्या भाकितावर लोक मारले जात आहेत. त्यांनी गावोगाव जाऊन भांडण मांडले; लोकांनी त्यांनाच डाइन ठरवून वाळीत टाकले; त्या मागे सरल्या नाहीत. २०१५ मध्ये आसामच्या विधानसभेने डाइनप्रथेविरुद्ध कायदा संमत केला, त्यामागे त्यांच्या चळवळीचा मोठा वाटा होता. २०२१ मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये त्या निवर्तल्या. ‘लोक अज्ञानी आहेत’ असे म्हणून त्यांनी मान हलवली नाही. ‘तू हिला का मारतोस आणि त्यात तुला काय मिळते’ असे त्यांनी विचारले. या दोन वाक्यांतले अंतर आमच्या व्याख्यात्यांनी मोजावे.

हे सारे आदिवासी मुलखात घडते, असे म्हणून मराठी वाचकाने सुटकेचा निःश्वास सोडू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावी, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. भिक्षा मागत फिरणे हा त्यांचा पिढ्यानुपिढ्यांचा क्रम. मुले पळवणारी टोळी आली आहे, असा संदेश हातोहातच्या फोनवरून फिरत होता. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले गेले. त्याच वर्षी जून महिन्यात आसामच्या कार्बी आंगलाँगमध्ये अशाच अफवेने दोन तरुणांचा जीव घेतला होता.

येथे कोणी आम्हांला विचारील की, गोसावी झोळीत घालून नेईल ही भीती आपल्याच आयांनी घातली ना? मग दोष लोककथेचाच नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. आम्ही तो टाळणार नाही. होय, आमच्याही आईने आम्हांस हेच भय घातले होते. परंतु सकाळी तोच गोसावी दारी आला की तीच आई सुपातून पसाभर जोंधळे घेऊन उंबऱ्यावर जाई आणि आम्हांला त्याच्या पाया पडायला लावी. वासुदेव, पिंगळा, नंदीवाला, गोसावी; आमच्या लोकपरंपरेने गावाबाहेरच्या अनोळखी माणसाला एक नाव दिले होते, एक वेळ दिली होती, एक वाटा दिला होता. रात्रीचे भय आणि सकाळचे दान एकाच घरात नांदत होते. परंपरा अनोळखी माणसाला ओळखीचा करी. फोनवरच्या त्या संदेशाने यातली भीती तेवढी उचलली. सूप, पसा आणि उंबरा मागे टाकले. राईनपाड्याला लोककथा जिवंत असती तर त्या पाच जणांना कोणीतरी ओळखले असते. जेथे लोककथा मेली तेथे ते केवळ परके उरले.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, लोककथा भयाची मुलगी नव्हे. पुष्कळदा ती भयाला वेसण घालणारी असते. ती भयाला नाव देते, जागा देते, मर्यादा घालते. अमुक रात्री, अमुक झाडाखाली, अमुक वाटेवर. इतरत्र निर्धास्त जा. तिच्या आडून जेव्हा माणूस मारला जातो तेव्हा दोष कथेचा किंवा अज्ञाताचा म्हणून मोकळे होऊ नये. ज्याने बोट दाखवले त्याचे नाव विचारावे. महाराष्ट्रात असे नाव विचारीत राहिलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्या मारेकऱ्यांना कोणत्या अज्ञाताचे भय वाटत होते, हे वक्ते महाशयांनी आम्हांस समजावून द्यावे.

वृत्तपत्रांच्या संपादकांनाही एक विनंती. ‘गूढ’, ‘न उलगडलेले रहस्य’, ‘शास्त्रज्ञही चक्रावले’ हे शब्द काही वर्षे कपाटात ठेवावेत. जतिंग्याच्या पाखरांना व रूपकुंडाच्या मृतांना त्यांची गरज नाही. गरज आहे ती विक्रीला. आणि आमच्या मंडळाच्या चालकांना सूचना: पुढील वर्षी हाच विषय ठेवायचा असेल तर बाहेरून विद्वान आणण्यापूर्वी आपापल्या शेजारच्या घरी जाऊन एक कथा ऐकून यावी. ती कोण सांगतो, कोणाला सांगतो आणि तिची किंमत कोण भरतो, एवढे तीन प्रश्न विचारावेत. आमच्या येथे तरी त्या कथेत बर्गी भेटण्याचा संभव आहे. भेटला तर घाबरू नये. तो आपल्या ओळखीचा आहे.